वीतभर सरकलेली गादी

गादी मी सरकवली होती. हे आधीच सांगून टाकते कारण पुढे जे काही लिहिणार आहे ते सगळं तिथूनच सुरू होतं, आणि इतक्या वर्षांत हे मी फार थोड्या लोकांजवळ बोललेय.

सिनेमाचं शूटिंग चालू होतं, सीन तसा साधा होता. जिन्यावरची मारामारी, त्यातला एक जण कठड्यावरून उलटा होऊन खाली पडतो, उंची म्हणाल तर दहा फूट. पडणारा डुप्लिकेट, म्हणजे नटाच्या जागी स्टंट करणारा, मुरलेला माणूस, याच्या चौपट उंचीवरून उड्या मारलेला. सकाळपासून तीनदा पडून दाखवलं होतं त्याने आणि तिन्ही वेळा गादीच्या बरोब्बर मधोमध. मग कॅमेरा लागला, लेन्स बदलली, आणि मॉनिटरवर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात गादीची निळी कड दिसायला लागली. मी तेव्हा असिस्टंट डायरेक्टर, तीही तिसऱ्या नंबरची, मॉनिटरपाशी कोणीतरी ओरडलं "गादी दिसतेय, आत घ्या रे", मी सगळ्यात जवळ होते, पळत गेले आणि ओढली. वीतभर. कड फ्रेमबाहेर गेली, कोणीतरी ओके म्हणालं, रोल, ॲक्शन.

त्याची पाठ गादीवर आली आणि डावा खांदा गादीच्या काठावर. काठ दबला आणि खांदा फरशीवर आपटला. कॉलरबोन मोडलं. त्याने पडल्यापडल्या उजव्या हाताचा अंगठा वर केला, म्हणजे मी ठीक आहे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या कारण शॉट खरोखरच छान आला होता. टाळ्या थांबल्या तरी तो उठेना तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

फाइट मास्टरांनी कोणालाही शिव्या दिल्या नाहीत. अँब्युलन्स गेल्यावर मला बाजूला बोलावलं, मी रडत होते, आणि म्हणाले, "बाळा, गादी सरकवायला लागते कधीकधी. फक्त मला सांगायचंस. मी त्याला सांगितलं असतं, त्याने तेवढी उडी आवरती घेतली असती. एवढंच."

हे "एवढंच" मला पुढची कित्येक वर्षं पुरलं. त्या सिनेमानंतर मी मुद्दाम ॲक्शनवाल्या युनिटची कामं मागून घ्यायला लागले, लोकांना वाटलं मला मारामारीची आवड आहे. मला फक्त समजून घ्यायचं होतं की एका वीतेत नेमकं काय होतं.

तर वीतेत काय होतं ते असं. दहा फुटांवरून माणूस खाली यायला पाऊण सेकंदाच्या जरासा वर वेळ लागतो आणि जमिनीशी पोचतो तेव्हा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. तेवढ्या वेळात हवेत दिशा बदलता येत नाही, म्हणजे कुठे पडणार हे पाय सुटतानाच ठरलेलं असतं, आणि पाय कसे सुटणार हे ठरतं डोक्यात बसलेल्या जागेवर. तो माणूस डोळ्यांनी बघून उडी मारतच नव्हता, उलटा पडत होता ना, तो सकाळच्या तीन रिहर्सलच्या आठवणीवर उडी मारत होता. आणि ती आठवण मी त्याला न सांगता खोटी करून ठेवली होती.

आणि इजा किती होणार हे ठरतं थांबायला किती जागा मिळाली त्यावर. तीच दहा फुटांची पडझड अर्ध्या मीटर जाडीच्या गादीत हळूहळू जिरली तर अंगाला स्वतःच्या वजनाच्या सहा-सात पट धक्का बसतो, सवयीचं शरीर तो सोसतं. तीच जर पाच सेंटिमीटरमध्ये संपली तर साठ पट. काठावरची गादी म्हणजे गादी नसल्यासारखीच, ती बाजूला सरकते, कलंडते, फुगवटा निसटतो. चाळीस फुटांवरून वेग फक्त दुप्पट होतो, ५६ च्या आसपास, पण जिरवायची ताकद चौपट होते, त्यामुळे तिथे लोक आपोआप सावध असतात, चार जण गादीभोवती उभे असतात, कोणाची हिंमत नसते हात लावायची. दहा फुटांना कोणी घाबरत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही मालिकेच्या शूटिंगमध्ये ३३ वर्षांचा एक स्टंटमन बाल्कनीतून पडला आणि एअरबॅगवर न पडता काँक्रीटवर पडला, गेला, उंची होती वीस फुटांच्या जरा वर. अनुभवी माणूस होता. ही बातमी मी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

एअरबॅग यायच्या आधी, आणि अजूनही बरेच जण, खोकी वापरतात. साधी पुठ्ठ्याची खोकी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विश्वासच बसला नव्हता, की एवढा मोठा माणूस रिकाम्या खोक्यांवर पडणार? पण त्यामागे फार हुशारी आहे. खोकी एका मापाची, रिकामी, थरांवर थर रचलेली, कोपरे कडक होतील अशी टेप न मारलेली, वर पातळ गाद्या, आणि सगळ्याला भोवतून दोर किंवा ताडपत्री म्हणजे ढीग फाकणार नाही. माणूस पडला की एकेक थर चिरडत जातो आणि प्रत्येक खोकं थोडाथोडा वेग खातं. एअरबॅगचं तत्त्व तेच, पंखा सतत हवा भरत असतो आणि पडल्यावर बाजूच्या तोंडांतून हवा सुटते, म्हणून ती उसळवत नाही, सामावून घेते. पडायचं पाठीवर, कारण पालथं पडलं तर कणा नको त्या बाजूला वाकतो. पण खोक्यांची एक गोम आहे, एकदा चिरडली की ती खोकी मेली. दुसऱ्या टेकला बदलायलाच लागतात, नवी रचायला लागतात, त्याला वेळ जातो. आणि तिथेच कोणीतरी घड्याळ बघत म्हणतं, "वरची चार बदला, खालची ठीक आहेत."

मला वाटतं लोकांना स्टंटमधला धोका कळतो, तो नाही विसरत कोणी. आग दिसते, उंची दिसते, गाडी उलटताना दिसते. जे दिसत नाही ते म्हणजे रिहर्सल आणि टेक यांच्यामध्ये काय बदललं. लेन्स बदलली, बूट बदलले, फरशी ओली झाली, टेबल चार बोटं पुढे आलं, सकाळचा उजेड गेला, आधीचा माणूस गेला आणि दुसरा आला. एकेकटा बदल इतका किरकोळ की त्यासाठी शूटिंग थांबवायचं म्हणजे लाज वाटते. मी स्वतः बघितलेल्या सगळ्या इजा, एकही अपवाद नाही, अशाच किरकोळ बदलातून झाल्या.

बुटांचं सांगते. एका फाइटची दोन दिवस रिहर्सल झाली, दोघेही स्पोर्ट शूजमध्ये. टेकच्या आधी कॉस्च्युमवाल्यांनी त्यांना सीनमधले बूट दिले, लेदर सोलचे, कडक, गुळगुळीत. पहिल्याच वळणाला एकाचा पाय गेला, नशीब की गुडघ्यावर निभावलं. कॉस्च्युमवाल्यांची चूक म्हणू का? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की बूट रिहर्सलपासून हवेत. तेव्हापासून माझ्या यादीत पहिली ओळ तीच आहे, रिहर्सल सीनमधल्या बुटांत. आणि कपड्यांत. आत गुडघ्याला, कोपराला, कंबरेला, पाठीला पॅड बसायचे तर डुप्लिकेटचे कपडे एक माप मोठे लागतात, हे महिनाभर आधी सांगायचं असतं, त्या दिवशी सकाळी नाही. खोट्या रक्ताचं पण तसंच. ते पाकासारखं असतं, हाताला चिकटतं पण फरशीवर सांडलं की निसरडं, पहिल्या टेकला फरशी कोरडी असते आणि तिसऱ्या टेकला नसते. मी आता फडकं घेऊन स्वतः पुसते, मला त्यात काही वाटत नाही.

मारामारीचं लोकांना फार आकर्षण असतं म्हणून थोडं सविस्तर लिहिते, आणि मला स्वतःलाही ती बघायला अजून आवडते, नाचासारखी असते. ठोसा लागत नाही. लांबून, टेलिफोटो लेन्सने बघितलं की पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटून दिसतं, त्यामुळे मूठ आणि जबडा यांच्यात चांगलं हातभर अंतर असलं तरी कॅमेरा त्या दोघांच्या बरोबर रेषेत ठेवला की मूठ लागल्यासारखीच वाटते. अट एकच, कॅमेरा रेषेतच हवा. मारणारा फक्त हात फिरवतो, ठोसा विकतो, म्हणजे खरा वाटायला लावतो, तो खाणारा, मान झटकून, तोल सोडून. आवाज नंतर बसतो. वेग हवा असेल तर सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेमने शूट करायचं, पडद्यावर हालचाल आपसूक जलद दिसते आणि माणसांना मात्र आपल्या ताब्यातल्या वेगात काम करता येतं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ताबा नेहमी मार खाणाऱ्याकडे असतो. केस धरून फरफटत नेण्याचा सीन घ्या. दिसतं असं की तो तिला ओढतोय, पण खरं तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट आपल्या डोक्याशी दाबून धरलेलं असतं, त्याची मूठ नुसती मिटलेली असते, केस तिच्यात नसतातच, आणि चालते ती, आपल्या वेगाने, तो फक्त सोबत जातो. गळा दाबतानाही तसंच, हात गळ्यावर नाही, खाली गळपट्टीच्या हाडावर, आणि दाबाचा अभिनय गुदमरणाऱ्याने करायचा. तिने हात सोडला की सीन थांबला. मला कोणी विचारलं की सेफ्टी म्हणजे काय, तर मी हेच सांगते, ज्याला लागू शकतं त्याच्या हातात थांबवायची सोय.

आणि म्हणूनच "खरं मार, मला फील येऊ दे" म्हणणाऱ्या नटांबद्दल मला अजिबात कौतुक नाही. एक खरी थोबाडीत कानावर बसली तर पडदा फाटू शकतो. शिवाय खरा मार बसल्यावर माणूस अभिनय करत नाही, तो सावरत असतो, आणि पुढच्या टेकला नकळत आधीच डोळे मिटतो. मग टायमिंग गेलं. फाइट पाठ होते ती डोळ्यांनी, प्रत्येक वाराच्या आधी दोघांची नजर भेटते, भेटली म्हणजे मी तयार आहे. रिहर्सल आधी पाव वेगाने, मग अर्ध्या, मग पाऊण, आणि पूर्ण वेग फक्त कॅमेरासमोर. पाव वेगाचा ज्यांना कंटाळा येतो त्यांच्यावर मी जास्त लक्ष ठेवते.

१९८२ चा जुलै महिना या धंद्यात विसरता येण्यासारखा नाही. त्या महिन्यात अमिताभ बच्चन यांना फाइटच्या एका शॉटमध्ये टेबलाचा कोपरा पोटात बसला, आतडं फाटलं, आणि ते किती थोडक्यात वाचले हे सगळ्यांना माहीत आहे. ना आग, ना उंची, ना गाडी, एक टेबल आणि काही इंचांचा फरक. त्याच जुलैच्या २३ तारखेला कॅलिफोर्नियात पहाटे दोन वाजून गेल्यावर एका सिनेमाचं शूटिंग चालू होतं, नट विक मॉरो दोन मुलांना काखेत घेऊन पाण्यातून पळतोय आणि डोक्यावर पंचवीसेक फुटांवर हेलिकॉप्टर. स्फोटांनी हेलिकॉप्टरचा मागचा पंखा निकामी झाला, ते त्या तिघांवर कोसळलं. मुलं सात आणि सहा वर्षांची होती. इतक्या रात्री मुलांना कामावर ठेवायला परवानगीच नव्हती, म्हणून ती नियम चुकवून आणलेली होती, म्हणजे त्यांच्या वतीने "हे नको" म्हणणारं अधिकृत माणूसच सेटवर असणार नाही अशी व्यवस्था आधीच झाली होती. पाच जणांवर खटला चालला आणि १९८७ मध्ये सगळे निर्दोष सुटले. मी तो प्रसंग वाचताना दर वेळी घड्याळाशी अडखळते. पहाटेचे दोन. त्या वेळेला माणसाचं डोकं चालत नाही, हे नाइट शिफ्ट केलेल्या कोणालाही विचारा.

थकव्याबद्दल आपण पुरेसं बोलतच नाही. बारा-चौदा तास झाल्यावर डायरेक्टर म्हणतो "सेफ्टीसाठी अजून एक". ही सेफ्टी फुटेजची असते. पडणाऱ्यासाठी तो चौदाव्या तासाचा आठवा टेक असतो, अंगातला घाम थंड झालेला, स्नायू आखडलेले. मी आता कॉल शीट, म्हणजे दिवसाच्या कामाचं वेळापत्रक, लावताना भांडून मोठी ॲक्शन दिवसाच्या पहिल्या अर्ध्यात ठेवते, जेवणानंतर लगेच नाही, आणि एका माणसाचे पडण्याचे टेक किती हे आधी ठरवून लिहून घेते. तेवढे झाले की झाले, आलेल्यातला सगळ्यात चांगला घ्यायचा. यावर मी एकदा एक काम गमावलंय. तरी लिहून घेते.

बंदुकीचं वेगळं लिहायला लागेल कारण तिथे लोकांचा गैरसमज सगळ्यात मोठा आहे. ब्लँक म्हणजे खोटी गोळी, काही होत नाही, असं मलाही वाटायचं. ब्लँकमध्ये पुढचं शिसं नसतं पण दारू खरी असते, तोंड बंद करायला कागदाचा नाहीतर प्लॅस्टिकचा बोळा किंवा चिमटवलेली कड असते, आणि उडाल्यावर तो जाळ, तो गरम वायू खरा असतो. १९८४ मध्ये जॉन एरिक हेक्सम या नटाने शूटिंगमधल्या रिकाम्या वेळात ब्लँक भरलेली बंदूक कानशिलाला लावून चाप ओढला, सव्वीस वर्षांचा होता. दुसरा प्रकार डमी, ती दिसायला हुबेहूब खरी, शिसं असतं पण दारू नसते, ओळखायला आत छर्रा ठेवतात म्हणजे हलवली की खुळखुळते, किंवा बाजूला भोक पाडलेलं असतं. ३१ मार्च १९९३ ला नट ब्रँडन ली गेला तो या दोन निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टी एकामागून एक आल्यामुळे. आधी एका शॉटसाठी भरलेल्या नीट न बनवलेल्या डमीचं शिसं नळीत अडकून राहिलं, कोणी नळीत डोकावून बघितलं नाही, आणि नंतरच्या शॉटला त्याच बंदुकीत ब्लँक भरली. ब्लँकच्या दारूने ते शिसं बाहेर ढकललं, खऱ्या गोळीसारखं. बंदूक तीच, पण मधल्या वेळेत तिच्या आत काहीतरी बदललं होतं, आणि कोणालाच ठाऊक नव्हतं की ते बदललंय.

२१ ऑक्टोबर २०२१ ला सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गेली. शॉटची नुसती तयारी चालू होती. बंदुकीत खरी गोळी होती, जी सेटच्या आसपासही असायचं काही कारण नाही, आणि नटाच्या हातात बंदूक आली तेव्हा ती "कोल्ड" म्हणजे रिकामी आहे असं जाहीर झालं होतं. मला या घटनेतला तो शब्द सगळ्यात जास्त छळतो, कारण तो ओरडायचं काम असिस्टंट डायरेक्टरचं, म्हणजे माझ्यासारखीचं. मी स्वतःला विचारत राहिले की मी असे किती शब्द न बघता ओरडलेय. "लॉक", "रेडी", "ऑल क्लिअर". आता माझ्या सेटवर असा शब्द तोंडातून काढायच्या आधी ती वस्तू डोळ्यांनी बघितलेली असली पाहिजे, चेंबर उघडून, ज्याच्या हातात जाणार त्या नटासमोर. आणि खरं सांगायचं तर माझं मत आता पक्कं झालंय, जाळ आणि धूर कॉम्प्युटरवर घालता येतो, चाप ओढल्यावर हाताला बसणारा झटका चांगला नट करून दाखवतो, तर उडणारी बंदूक सेटवर आणायचीच कशाला?

हा प्रश्न खरं तर प्रत्येक स्टंटला सगळ्यात आधी विचारायचा असतो, आणता कशाला. हे खरंच करायला हवं का, की कट मारून, कॅमेरा फिरवून, दोन शॉटमध्ये तोडून तेच सांगता येईल. हे जमत नसेल तर कमी उंचीवरून जमेल का, खऱ्या काचेऐवजी रेझिनची चालेल का, जड लाकडाऐवजी हलक्या, पटकन मोडणाऱ्या बाल्सा लाकडाचं. मग दोर, गाद्या, जाळ्या. मग कोण कुठे उभं राहणार, कोणाच्या इशाऱ्यावर काय. आणि सगळ्यात शेवटी अंगावरचे पॅड. बऱ्याच ठिकाणी हे उलट्या क्रमाने चालतं, पॅड घातलेत ना, मग चला. २०१६ मध्ये हेलिकॉप्टरमधून तलावात उडी मारण्याच्या एका सीनमध्ये आपल्याकडचे दोन नट बुडाले, पाण्यात पडल्यावर त्यांना बाहेर काढायची मदत वेळेत पोचलीच नाही. उडीचा विचार झाला होता, उडीनंतरच्या पहिल्या दोन मिनिटांचा झाला नव्हता. मी आता स्टंट संपतो कुठे हे विचारते. "कट" झाल्यावर संपत नाही, माणूस कोरडा, दोर सुटलेला, जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभा आणि डॉक्टरने बघितलेला असला की संपतो.

आगवाल्या टीमकडून हे शिकायला मिळतं. आगीचा स्टंट करणाऱ्याच्या अंगावर थंडगार जेलमध्ये भिजवलेले थर असतात, आग लागायच्या आधी तो अक्षरशः कुडकुडत असतो, आणि पेटल्यावर श्वास घ्यायचा नाही कारण ज्वाळा छातीत गेली तर वरचं सगळं कातडं शाबूत राहूनही माणूस जाईल. सेकंद मोजलेले असतात, मोजणारा माणूस वेगळा. आणि ठरलेलं असतं की तो पालथा झोपला म्हणजे विझवा, शॉट कितीही रंगात आला असो, डायरेक्टरने कट म्हटलेलं असो नसो, विझवणारे डायरेक्टरकडे बघतच नाहीत. त्यांचे डोळे फक्त त्या एका माणसावर. जगातल्या प्रत्येक सेटवर प्रत्येक पडणाऱ्यासाठी असं एक माणूस असावं असं मला फार वाटतं, ज्याला शॉट कसा आला हे माहीतच नसेल.

त्या कॉलरबोनवाल्या दादाला भेटायला मी आठ दिवसांनी गेले. काय बोलायचं हे पाठ करून गेले होते, ते काही बोलता आलं नाही. रोजावर काम करणारा माणूस, दीड-दोन महिने घरी, आणि मी विचारलं तर म्हणाला, "ताई, अंगठा मीच वर केला ना. लागलंय हे मलाच आधी कळायला हवं होतं." म्हणजे त्यालाही स्वतःचीच चूक दिसत होती. असेच असतात हे लोक, पडल्यावर ठीक आहे म्हणायची त्यांना सवय लागलेली असते कारण ठीक नाही म्हणणाऱ्याला पुढचं काम कमी मिळतं. म्हणून पडलेल्या माणसाने स्वतःला ठीक ठरवायचं नाही असं मी पाळते, अंगठा वर आला तरी डॉक्टर जाऊन बघतो, आणि डोक्याला मार असेल तर त्या दिवशी परत शॉट नाही, तो कितीही ठणठणीत दिसला तरी. अँब्युलन्सचं तोंड गेटकडे, चावी गाडीलाच, समोर कोणाची व्हॅनिटी लावायची नाही, जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि रात्री तिथे कोण असतं हे आदल्या दिवशी जाऊन विचारायचं.

निघताना त्याने मला एक गोष्ट शिकवली, पलंगावर बसल्याबसल्या, उजव्या हाताने चादरीवर बोट फिरवून. गादी लागली की चारही कोपऱ्यांना जमिनीवर रंगीत टेप मार. गादी हलली की टेप उघडी पडते, कोणालाही लांबून दिसते. इतकं सोपं. तेव्हापासून टेपचा रोल माझ्या खिशात असतो, पॅन्ट धुवायला टाकताना दर वेळी काढायला लागतो.

२०१५ मध्ये एका परदेशी सिनेमात बाइक चालवणाऱ्या स्टंटबाईला समोरून येणाऱ्या कॅमेराच्या क्रेनची धडक बसली, क्रेन वेळेत वर उचलली गेली नाही, तिचा डावा हात गेला. तिचं म्हणणं असं की त्या दिवशी तिचा फाइट सीन होता, तो ऐन वेळी बदलून बाइकचा लागला. हे मी वाचलं आणि उठून चारदा खोलीत फेऱ्या मारल्या. आता ऑस्करमध्येही स्टंटला बक्षीस सुरू होतंय, २०२७ मध्ये येणाऱ्या सिनेमांसाठी, २०२८ च्या सोहळ्यात पहिलं, आणि त्याचं नाव स्टंट डिझाइन असं आहे. मला डिझाइन हा शब्द फार बरा वाटला. त्यात हे सगळं टेप मारणं येतं, खोकी बदलणं येतं.

आता सकाळच्या सेफ्टी मीटिंगमध्ये मी एक गोष्ट करते. सगळ्यांना गोल उभं करून काय करणार, कोण कुठे, कोणाचा इशारा, हे सांगून झालं की युनिटमधल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात ज्युनिअर माणसाला पुढे बोलावते आणि सगळ्यांसमोर मोठ्याने "कट" ओरडायला लावते. पहिल्यांदा आवाजच फुटत नाही. परत ओरडायला लावते. डायरेक्टरच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने येईपर्यंत. कारण नुसतं सांगून की कोणीही थांबवू शकतं, कोणी थांबवत नाही, मीही थांबवलं नसतं, मला तर त्या दिवशी नुसतं "सरकवलीय हां" एवढंही सुचलं नव्हतं.

मागच्या शूटिंगला एक मुलगा होता, कामाला लागून पाच दिवस झालेले. संध्याकाळचा शेवटचा उजेड, छपरावरून उडी, सगळं लागलेलं, रोल झाला, उडी मारणारा काठावर, आणि हा ओरडला "कट!". सगळं थांबलं. त्याला एअरबॅगच्या मागे काहीतरी हललेलं वाटलं होतं. जाऊन बघितलं, काही नव्हतं, लाइटच्या स्टँडची सावली. परत सगळं लावेपर्यंत उजेड गेला. डायरेक्टर काही न बोलता गाडीत जाऊन बसले, प्रॉडक्शनवाला माझ्याकडे बघत राहिला, आणि तो मुलगा इतका पांढराफटक पडला होता की मला माझाच चेहरा आठवला. मी त्याला विचारलं नक्की कुठे दिसलं तुला, दाखव. तो घेऊन गेला. आम्ही दोघं एअरबॅगच्या भोवती एक पूर्ण चक्कर मारून आलो, चारही कोपऱ्यांची टेप जागेवर होती, एक थोडी निघाली होती ती मी परत दाबली. वरून उडी मारणारा खाली उतरून आला होता, हार्नेस सोडता सोडता त्याने त्या मुलाला नाव विचारलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट लवकर लावली. रिहर्सल पाव वेगाने, पहिल्यापासून. ओरडायची वेळ आली तेव्हा मी त्यालाच पुढे बोलावलं, आदल्या दिवशीसारखंच, आणि तो आला.